जळकी पायरी

कोनवळच्या कॉलेज मैदानाला उगवतीच्या अंगाला दगडी पायऱ्यांची गॅलरी आहे. पायऱ्या अकरा. सामन्याच्या दिवशी खालच्या दहांवर माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. अकरावीवर कोणी बसत नाही. तिचे दगड मधोमध फुगून वर आले आहेत आणि सांध्यांतून पांढरे ओघळ उतरले आहेत. तिला जळकी म्हणतात. सामना संपला की हरलेल्या संघाच्या कॅप्टनने पितळी कळशी भरून वर न्यायची, जळकीवर रिकामी करायची आणि मगच घरी जायचे. याला जळकी विझवणे म्हणतात. जिंकलेल्यांना हा मान नाही.

मला त्या हरलेल्या कॅप्टनांचा हेवा वाटायचा. मी कॉलेजच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. आमचे सामने होस्टेलमागच्या पटांगणात होत, एका गोलपोस्टच्या मागे कपडे वाळत घातलेले असत. तिथे हरलो तर बूट काढायचे आणि मेसला जायचे. या मैदानावर मुलींचा एकही सामना झालेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या हेरवणच्या कॉलेजने नवे स्टेडियम बांधले. ते बघायला गेलेली आमची माणसे तोंडे पाडून परत आली. मग रोज संध्याकाळी गॅलरीत दुसरा विषय निघेना.

"निळ्या खुर्च्या आहेत. पाठ टेकायला मिळती," एक जण म्हणे.

"टॉयलेटात आरसा लावलाय. हरल्यावर तोंड बघायला असंल," दुसरा म्हणे.

समर्थक मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव यांचे तर जेवणच सुटले होते. "नऊ वेळा शिल्ड आपण आणली," ते म्हणत, "आणि खुर्च्यांवर ते बसणार?"

शेवटी नूतनीकरणाचे ठरले. आर्किटेक्ट निंबाळकर नकाशा घेऊन आले. उगवतीची गॅलरी सगळी फोडायची, तिथे सिमेंटच्या बारा पायऱ्या, निळ्या खुर्च्या, आणि हे सारे शिल्डच्या आधी, दोन महिन्यांत. मुलींसाठी काय, असे मी विचारले. सर्जेराव म्हणाले, "तुम्हाला मागचं मैदान हाय की."

निंबाळकर मोजमाप घेत वर चढले आणि अकराव्या पायरीपाशी थांबले. "ही अशी का झाली? पाया खचलाय का?"

हिंदुरावआण्णा खाली बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी गोलकीपर. या मैदानाची गोष्ट सांगण्याचा हक्क त्यांचाच, असे ते धरून चालतात. गोष्ट सांगताना ते दर दोन वाक्यांनी पानाला चुना लावतात, त्यामुळे ती फार लांबते. पण ती अशी आहे.

संस्थानच्या काळात इथे नुसता उतार होता, म्हणे. गावात दोन तालमी होत्या, वरची आणि खालची. पूर्वी त्या कुस्तीवरून भांडत, फुटबॉल आल्यावर फुटबॉलवरून भांडू लागल्या. महाराजांनी शिल्ड लावली, तेव्हा बसायला जागा नव्हती. त्यांनी सांगितले, उगवतीला वरच्या तालमीने पायऱ्या बांधाव्यात, मावळतीला खालच्या तालमीने. ज्यांची बाजू उंच, तिकडे मी अंतिम सामन्याला बसेन.

ते एक वाक्य बोलले आणि गावाची झोप गेली, असे सांगतात.

दगडाचे काम जाणणारी गावात दोनच माणसे उरली होती. एका पाथरवटाच्या दोन मुली, धोंडा आणि काशी. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने टाकी-हातोडा मुलींच्या हाती दिला होता. थोरली धोंडा वरच्या तालमीच्या घरात दिली होती, धाकटी काशी खालच्या. दगड घडवण्यात धोंडाचा हात चांगला होता. काशीचा चुना चांगला होता.

उगवतीला दोन पायऱ्या झाल्या की मावळतीला तीन होत. सकाळी लोक उठून आधी समोरच्या पायऱ्या मोजत, मग तोंड धूत. खेळाडू दगड वाहू लागले. तीन महिने कोणी चेंडूला पाय लावला नाही. जो गोल मारायचा, त्याचा खांदा उतरला होता. जो अडवायचा, त्याची बोटे चेंगरली होती. तरी कोणी थांबेना.

इथे आण्णा निंबाळकरांकडे वळून म्हणाले, "बाईमाणसाची जळण वाईट बघा. सख्ख्या बहिणी, पण एकमेकींचं बघवंना."

"आण्णा," मी म्हणाले, "पायऱ्या उंच करायचं कुणी डोक्यात घेतलं?"

"तालमींनी."

"तालमीत बायका होत्या?"

सगळे हसले. आण्णांनी पान बाजूला ठेवले. "संयोगे, गोष्ट तू सांगतीस का मी?"

"तुम्हीच सांगा. पण नीट सांगा."

खरे म्हणजे धोंडा जळत होतीच, हे मलाही मान्य आहे. तिच्या पायऱ्या सरळ, रेघ मारल्यासारख्या. पण लोक समोर बोट दाखवून म्हणत, काशीचा सांधा बघा, नख शिरत नाही. धोंडाने हे रोज ऐकले. माझी तिच्याशी ओळख असल्यासारखे मला वाटते. आपण घाम गाळावा आणि बोट दुसरीकडे दाखवले जावे, हे मी ओळखते.

बापाने दोघींना एक नियम घालून दिला होता. भट्टीतून निघालेला कळीचा चुना तसाच वापरायचा नाही. तो खड्ड्यात टाकून भरपूर पाण्याने विझवायचा, एकवीस दिवस पाण्याखाली ठेवायचा आणि मग घाण्यात दगडी चाकाखाली मळायचा. न विझलेला चुना दगडाखाली गेला तर तो झोपत नाही, वाट बघतो, असे बाप म्हणे.

अंतिम सामन्याला पाच दिवस उरले तेव्हा दोन्ही बाजूंना दहा-दहा पायऱ्या होत्या. काशीचा खड्डा विझलेल्या चुन्याने भरलेला होता. धोंडाचा रिकामा होता. नवी भट्टी लागली, पण एकवीस दिवस कुठून आणणार? काशीकडे दोन घमेली मागितली असती तर तिने दिली असती, असे खालच्या तालमीचे लोक आजवर सांगतात. धोंडाने मागितली नाही. तिने चुन्यावर चार दिवस जेमतेम पाणी शिंपडले, वरून मऊ दिसला तसा उचलला, आणि अकरावी पायरी बसवली. सामन्याच्या सकाळी उगवती उंच होती.

महाराज येणार म्हणून वरच्या तालमीच्या बायकांनी त्या पायरीवर सडा घातला. सड्याचे पाणी सांध्यांतून खाली गेले. आत चुना वाट बघत होता.

आधी वाफ निघाली. मग दगड कण्हल्यासारखे वाजले आणि मधोमध फुगून वर येऊ लागले. जाळ नाही, धूर नाही, पण पायरीला हात लावला तर हात भाजत होता. लोक उड्या टाकून खाली पळाले. धोंडा एकटी वर धावली आणि वर आलेला दगड दोन्ही हातांनी दाबून धरू लागली. सांध्यातून उकळता चुना तिच्या मनगटांपर्यंत आला, तरी तिने दगड सोडला नाही.

खाली कोणीतरी ओरडले, काशीने घात केला. खालच्या तालमीने ते ऐकले, वरच्या तालमीने दगड उचलले. मैदानाच्या मध्यावर दोन्ही तालमी समोरासमोर आल्या. त्यांच्या मधून काशी पळत आली. डोक्यावर पाण्याची कळशी होती.

वरच्यांनी तिला पायऱ्यांशी अडवले. पाण्यानेच आग लागली आहे, आणि ही आणखी पाणी घेऊन आली आहे. काशी म्हणाली, "थोडं पडलं म्हणून पेटलाय. भरपूर पडलं तर विझंल. सोडा मला."

कोणी सोडीना. तेव्हा वरून धोंडाचा आवाज आला. "सोडा तिला. चुना माझा हाय. घाई माझी हाय."

तीन महिन्यांत धोंडा बहिणीबद्दल बोलली ती ही पहिली गोष्ट, म्हणे.

काशीने कळशी ओतली. मग खालच्या तालमीने विहिरीपर्यंत रांग लावली आणि त्या रांगेत वरची तालीम येऊन मिसळली. ज्यांच्या हातांत दगड होते त्यांच्या हातांत घागरी आल्या. दुपार टळेपर्यंत पाणी ओतले, तेव्हा पायरी निवली. महाराज खाली गवतावरच बसले आणि सामना झाला. कोण जिंकले ते आण्णा सांगतात ते एक आणि खालची तालीम सांगते ते दुसरे.

धोंडाच्या हातांनी पुन्हा टाकी धरली नाही. पायरी काढून नवी बसवू, असे काशी म्हणाली. धोंडा म्हणाली, राहू दे. इथे जो हरेल त्याच्या पोटात हेच पेटलेले असणार. त्याने वर येऊन भरली कळशी ओतावी. शिंपडू नये.

आण्णा थांबले. मग आण्णांनी निंबाळकरांना विचारले, "तुमच्या सिमेंटला पाणी किती दिस मारायला लागतं?"

"तसे अठ्ठावीस," निंबाळकर म्हणाले. मग नकाशाकडे बघत हळूच म्हणाले, "फोडून, बांधून दोन महिन्यांत खुर्च्या बसवायच्या तर तेवढं जमणार नाही."

"मग हेरवण अजून एक साल खुर्चीत बसू दे," आण्णा म्हणाले. सर्जेरावांनी तोंड फिरवले, पण नाही म्हटले नाही.

मी ती संधी साधली. "आण्णा, पायरी बाईनं बांधली, बाईनं विझवली. नाव पण बाईचंच पडलं, जळकी. आणि काशीनंतर कळशी एकाही बाईनं उचलली नाही अजून."

"उचलायला हरावं लागतंय, पोरी."

"हरायला इथं खेळावं लागतंय, आण्णा."

आण्णांनी बाजूला ठेवलेले पान उचलून तोंडात टाकले. मग ते सर्जेरावांना म्हणाले, "लिव्ह त्या नकाशावर. पोरींचा सामना, मोठ्या मैदानावर. आणि कपडे बदलायला खोली."

जळकीसाठी उगवतीची गॅलरी तशीच राहिली. मावळतीच्या पायऱ्या मोडकळीला आल्या होत्या, त्या काढून तिथे सिमेंटच्या झाल्या, आणि खुर्च्या बसल्या त्या सगळे पाणी मारून झाल्यावर. पहिला सामना मुलींचा झाला, हेरवणशी. आम्ही तीन-एकने हरलो. त्यांच्या कॅप्टनला लोकांनी खांद्यावर घेतले, माझ्या समोरून.

आजही अकराव्या पायरीवर कोणी बसत नाही. आजही हरलेल्याने कळशी भरायची आणि अकरा पायऱ्या चढायच्या. त्या दिवशी मी चढले. खालून आण्णा ओरडले, "शिंपडू नको, ओत."

मी ओतली. पाणी दगडांच्या फुगवट्यावरून दोन्ही बाजूंना गेले, सांध्यांत शिरले, पांढऱ्या ओघळांवरून खाली आले. हात लावून बघितला. पायरी थंडगार होती, मी अजून निवले नव्हते.

मग मी खाली उतरले आणि कळशी पुन्हा भरली.