साइडकारमधली जागा

“मग गाडी मोडीत देऊ का, महाराज?”

मनोहरने तिसऱ्यांदा विचारलं.

भैरवगीर महाराज पुढ्यातले जुने फोटो बघत होते. टेकडीवरच्या त्या लहानशा मठात दुपारचं दुसरं कोणी नव्हतं.

“हे कोण?”

“माझे आजोबा, बापूसाहेब. तालुक्यातली पहिली मोटारसायकल त्यांची.”

फोटोत धोतर, वर कोट, डोळ्यांवर जाड गॉगल. पाय अनवाणी.

“चपला नाहीत?”

“गाडीवर बसताना काढून ठेवत, देवळाबाहेर काढाव्यात तशा. मग विसरून तसेच निघून जात. आजी म्हणायची, ह्यांच्या चपला सात गावांत नांदतात.”

महाराज हसले. मनोहर हसला नाही.

“आणि शेजारी साइडकारमध्ये बसलेत ते?”

“प्रत्येक फोटोत वेगळा माणूस आहे. बापूसाहेब ज्या गावी जात, तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला साइडकारमध्ये बसवत. वेशीपर्यंत फेरी, मग फोटो. मागे नाव आणि तारीख.” मनोहर थांबला. “फोटो काढल्यावर वर्षभराच्या आत त्यातला प्रत्येक जण गेला. लोक म्हणू लागले, त्या गाडीत बसू नका. ती घेऊन जाते.”

“म्हातारे होते ते.”

“ते कळतं मला.” मनोहरचा स्वर जरा तुटक झाला. “मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात हीच गोष्ट सांगून मुलांना हसवायचो.”

“मग?”

...

मनोहरने खिशातून आणखी एक फोटो काढला. हा रंगीत होता.

“शैला. माझी बायको. मी गाडी दुरुस्त करून आणली, त्या दिवशीचा. ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, बस गं, काही होत नाही.”

महाराजांनी फोटो हातात घेतला.

“चार महिन्यांनी तापाचं निमित्त झालं. ती म्हातारी नव्हती, महाराज. सत्तेचाळीस वर्षांची होती.”

...

“म्हणून गाडी इथं आणून टाकलीस.”

“हो. आता ऋता, माझी मुलगी, परवा शिकायला परदेशी निघालीय. म्हणते, आईसारखा माझाही साइडकारमध्ये बसून फोटो काढा. खाली पायथ्याशी आहे. येईलच एवढ्यात.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “गाडी मोडीत गेली असं सांगतो. तुम्ही फक्त हो म्हणा.”

महाराजांनी शैलाचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

“हसतेय की. कुणाकडं बघून?”



“... माझ्याकडे.”

महाराज काठी टेकत उठले. ब्याण्णव वर्षांचं शरीर, उठायलाच वेळ लागला. मठामागच्या गोठ्यात जाऊन त्यांनी गाडीवरची ताडपत्री ओढली. धूळ उडाली. खोकत खोकत त्यांनी एक पाय साइडकारमध्ये टाकला, मग दुसरा, आणि गुडघे छातीशी घेऊन बसले.

“काढ फोटो.”

“महाराज, उतरा.”

“काढ म्हणतो ना.”

मनोहरने मोबाइल समोर धरला. पडद्यावर भगवी कफनी हलत होती, चाक हलत होतं, गोठ्याची भिंतही हलत होती.

“नाही जमत.”

पायऱ्यांवरून हाक आली. “बाबा, आहे ना गाडी? मी आले हं.”

“महाराज, ती आली. आता तरी उतरा. पाया पडतो तुमच्या.”

महाराजांनी पाठीमागची फाटकी गादी सारखी केली आणि नीट टेकून बसले.

“येऊ दे तिला. तुझा हात स्थिर होईपर्यंत मी काही उठत नाही.”