घरी गेलं की मरणारं मशीन

"मेलंय म्हणतोस. मग हे समोर चालतंय ते काय?" हमीदचाचांनी विचारलं.

अभिराजनं टेबलाकडं बघितलं. टेबलावर शैला ढोबळे यांचा कॉम्प्युटर काल सकाळपासून सुरू होता आणि एकदाही बंद पडला नव्हता. त्याच कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, असं त्यानं आत्ताच छातीठोकपणे सांगितलं होतं.

"इथं चालतंय," तो म्हणाला. "घरी गेलं की मरतंय."

"कितीदा?"

"तीनदा."

"मग दोष कुठं आहे?"

"मशीनमध्येच. दुसरीकडं कुठं असणार?"

चाचा हं म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

विट्याच्या जुन्या स्टँडमागं चाचांचं दुकान आहे. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, डबा टीव्ही गेले, चाचा तिथंच आहेत. बोलायचे इतकं कमी की नवं गिऱ्हाईक त्यांना ऐकू कमी येतं असं समजून ओरडून बोलायचं. अभिराजचं उलटं. डिप्लोमाला तो कॉलेजात पहिला आला होता, आणि ही बातमी समोरच्याला दुसऱ्या वाक्यापर्यंत कळलेली असायची. दुकानात लागून त्याला सात महिने झाले होते. शिकण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही, असं त्याचं मत होतं.

शैलाताईंच्या मशीनवर त्यानं सगळी विद्या ओतली होती. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, दोनदा फॉरमॅट मारलं. दुकानात मशीन दिवसभर टुकटुकीत चालायचं. घरी नेलं की पस्तीस मिनिटांत पडदा काळा.

आणि वेळ तर मुळीच उरला नव्हता. शैलाताई वर्षभरापूर्वीपर्यंत कापडाच्या मागावर सुताच्या कांड्या भरायच्या. मग डीटीपी शिकून त्यांनी घरीच लग्नपत्रिका करायला घेतल्या. त्यांचं पहिलं मोठं काम आलं होतं, सामुदायिक विवाहाची पत्रिका. एकवीस जोडपी, त्यांचे आईवडील, मामा, आजोळ... एकही नाव गाळून चालणार नव्हतं. आज संध्याकाळी सहापर्यंत ती प्रेसकडं गेली नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. तसं झालं तर आपण पुन्हा कांड्या भरायला जाऊ, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आवाज चढवला नव्हता, रडल्याही नव्हत्या. अभिराजला तेच जास्त लागलं होतं.

"त्यांना नवीन मशीन घ्यायला सांगू का?" त्यानं विचारलं.

चाचांनी कप खाली ठेवला. उठून ते अभिराजच्या बॅगेपाशी गेले. तिच्यातून त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, मग मीटर काढला, मग पेन ड्राइव्हची डबी काढली. सगळं आपल्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं.

"जा. मशीन घेऊन जा."

"रिकाम्या हातानं? तिथं जाऊन करू काय मी?"

"बस."

"आणि?"

"मरेपर्यंत बस."

मशीन मरेपर्यंत की मी मरेपर्यंत, हे विचारायचं अभिराजच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुलूप लागलेलं होतं आणि चाचांनी पेपर उघडला होता.

रिक्षात तो धुसफुसतच होता. आजवर शैलाताईंच्या घरात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. सीपीयू दरवेळी दारातच मिळायचा, स्वच्छ पुसलेला. तिथूनच उचलायचा, तिथंच आणून ठेवायचा, असा शिरस्ता पडला होता. आज चपला काढून तो आत गेला आणि खुर्चीवर बसला. शैलाताईंना थोडं अवघडल्यासारखं झालं.

त्यांनी वायरी जोडल्या, मशीनला नमस्कार केला, बटण दाबलं.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधले माग सुरू झाले. खिडकीतून कापसाचे बारीक तंतू आत तरंगू लागले. शैलाताई उठल्या. कपाटातून त्यांनी एक क्रोशाचं कव्हर काढलं. गुलाबी, जाड विणीचं, आतून दुहेरी कापडाचं अस्तर, कडेला मोत्यांची झालर. ते त्यांनी चालू सीपीयूवर घातलं आणि चारी बाजूंनी नीट खाली ओढून घेतलं. मग कामाला बसल्या.

अभिराज खुर्चीतून पुढं झुकला.

"ताई, हे कव्हर रोज घालता?"

"रोज. माझ्या हातचं आहे. दोन महिने लागले विणायला."

"मशीन चालू असताना?"

"मग? माग चालू असतात तेव्हाच तर कापूस उडतो. तुम्हीच न्हवं का सांगितलेलं? तीन महिन्यांमागं मशीन द्यायला पहिल्यांदा आलता तेव्हा, दारात उभं राहून. धूळ बसू देऊ नका, झाकून ठेवत जा, म्हणून."

वीसेक मिनिटं जाऊ देऊन त्यानं कव्हराखाली हात घातला. पत्रा तव्यासारखा तापला होता. हवा आत यायला जागा नव्हती आणि बाहेर जायलाही. मशीन बिचारं जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होतं. दुकानात नेताना ताई कव्हर काढून, धुऊन, घडी करून कपाटात ठेवायच्या.

अभिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईनं त्याचा शब्द तंतोतंत पाळला होता, आणि तीन आठवडे तो मशीनलाच नावं ठेवत बसला होता.

"माझं चुकलं, ताई," तो म्हणाला. हे वाक्य तो सात महिन्यांत पहिल्यांदाच बोलत होता.

कव्हर त्यानं स्वतः काढलं. पत्रा निवल्यावर रंगाचा कोरडा ब्रश मागून घेतला आणि मागच्या जाळीतला कापूस झाडला. सीपीयू खिडकीपासून लांब, भिंतीला न चिकटवता स्टुलावर ठेवला. मशीन चालू असताना उघडं ठेवायचं, बंद करून थंड झालं की मग खुशाल झाकायचं, असं त्यानं समजावलं. या वेळी खुर्चीवर बसून समजावलं.

मग दोघं घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत राहिले.

पस्तीस मिनिटं झाली. चाळीस झाली. शैलाताईंची बोटं सातव्या जोडप्याच्या मामांवर थबकली, मग सुटली ती सुटलीच. तास झाला, दोन झाले. एकविसावं जोडपं पाच वाजून दहा मिनिटांनी आजोळासकट पत्रिकेत बसलं. पत्रिका प्रेसकडं गेली आणि पोचल्याचा निरोपही आला.

इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं आता सुटलं; शैलाताई हसल्या आणि रडल्याही. अभिराजला आपलेच डोळे आवरेनात.

स्टँडपर्यंत तो जवळजवळ पळतच आला. दुकानात शिरला तो कव्हर, अस्तर, कापूस, एकवीस जोडपी सगळं एका दमात सांगत. चूक आपलीच होती, हेही त्यानं सांगितलं आणि ते सांगताना त्याला जड गेलं नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. खणाचं कुलूप काढून त्याचं सामान त्याच्यापुढं ठेवलं.

"चाचा," अभिराज म्हणाला, "तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

चाचांनी पेपर उघडला.

"मला कसं माहीत असणार? तिथं तू बसला होतास."