मोकळी ओळ

मी इथे पहिल्यांदा कामाला आलो, तेव्हा शेत दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकला. कागदाची सळसळ. ज्वारीच्या कणसाकणसावर कागदी पिशवी बांधलेली, वारा आला की सगळे शेत एकदम वाजायचे. शेवटची ओळ मात्र गप्प. तिच्यावर पिशव्याच नव्हत्या.

विद्यापीठ पाहायला आलेले लोक अजून मला त्या ओळीबद्दल विचारतात. परवाही काही पाहुणे आले. चालून दमले होते, त्यांना बांधावर बसवले. मीही बसलो; गुडघे आता ऐकत नाहीत. शेजारी निनाद होता. तो इथेच संशोधन करतो. सोमवारी त्याला प्रबंध द्यायचा आहे, आणि भादव्यात रानडुकरांनी त्याची तिसरी ओळ आडवी केली. तेव्हापासून त्याचा चेहरा उतरलेला आहे.

पाहुण्यांना सांगितले ते असे. गोष्ट माझ्या आधीची. तेव्हा विद्यापीठ म्हणजे टेकडीवर पत्र्याच्या दोन खोल्या आणि खाली हे शेत, एवढेच होते म्हणे. सुशीला वाघचौरे नावाच्या बाई इथे ज्वारीवर पीएच.डी. करत होत्या. शेवटच्या ओळीत त्यांची पाच वर्षांची मेहनत होती. फुलोऱ्यात दुसऱ्या ताटांचे पराग मिसळू नयेत, म्हणून कणसांवर पिशव्या. राखणीला गेणू होता.

त्या साली आश्विनात ऊन फार तापले. गेणूची लेक घरी तापाने पडली होती. अंगावरची गोधडी काढली की तिला बरे वाटायचे. ते पाहून आलेल्या गेणूला कणसांचीही दया आली, असे सांगतात. तीन दिवस तो सकाळी शेवटच्या ओळीच्या पिशव्या काढायचा आणि संध्याकाळी जशाच्या तशा बांधायचा. चौथ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले, "बाई, आत घामेजली होती बिचारी. जरा वारा दिला त्यांना."

बाई या बांधावर बसल्या, त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

त्यांचे काम पाहणाऱ्या मोठ्या सरांनी त्यांना समजावले म्हणे. पिशव्या जागच्या जागी आहेत, कुणाला कळणार? आकडे लिहा, पदवी घ्या. खरे लिहायचेच असेल तर गेणूचे नाव लिहा, उद्यापासून त्याला कामावरून बंद करू. बाई थकल्या होत्या. पुन्हा पेरायचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. तरी तक्त्यात त्यांनी त्या ओळीची घरे कोरी ठेवली आणि खाली लिहिले, 'पिशवी कशासाठी बांधतात, हे राखणदाराला मी सांगितले नव्हते.'

प्रबंध परत आला. त्यांनी सगळे पहिल्यापासून पेरले. कुणी म्हणते सहा वर्षांनी पदवी मिळाली, कुणी म्हणते मिळालीच नाही. मी चौथी शिकलेला, मला खरे ठाऊक नाही. गेणूला मात्र कुणी काढले नाही. पुढच्या आश्विनात पिशव्या बांधताना तो शेवटच्या ओळीशी येऊन घुटमळला, तेव्हा बाई म्हणाल्या म्हणे, "एवढीला लागू दे वारा."

आजही ती ओळ मोकळी असते. आजही नवा विद्यार्थी पहिली पिशवी बांधण्याआधी आम्हा मजुरांजवळ बांधावर बसतो आणि आपण काय करतो आहोत ते समजेपर्यंत सांगतो. निनादनेही सांगितले होते. मला एकच गोष्ट तीनदा विचारावी लागली, पण तो चिडला नाही.

पाहुणे उठून कपडे झटकू लागले. निनादच्या मांडीवर तक्त्याची वही उघडी होती. आकडे मला वाचता येतात. डुकरांनी मोजायला काही ठेवले नव्हते, तरी तिसऱ्या ओळीची घरे भरलेली दिसली. मी नजर वळवली.

त्याने वही मिटली. मग उठला आणि वही घेऊन आडव्या पडलेल्या तिसऱ्या ओळीकडे चालत गेला.