पोवळ्यांच्या बागेतलं जाळं

समुद्राला अगदी चिकटून एक वाडी होती. तिचं नाव कांडळवाडी. तिथल्या शेवटच्या घरात शेवंती नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई अशी दोघंच राहायची. बोलणारी मात्र एकटी शेवंती.

आश्विन महिन्यात एका दुपारी वादळ आलं होतं. संध्याकाळी बाबांची होडी किनाऱ्याला लागली. बाबा आले नाहीत. सगळी वाडी रडली. शेवंतीही रडली. आई तेवढी रडली नाही. शेजारणी तिला कुशीत घेऊन म्हणाल्या, "रड गो बाय, रडून घे. आत ठेवू नको." पण आईच्या डोळ्यांत पाणी आलंच नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसली, ती बसलीच.

शेवंती पेज करायची आणि वाटी आईपुढं ठेवायची. पेज निवायची, तिच्यावर साय धरायची. मग शेवंती एकेक घास आईच्या तोंडात घालायची. आई गिळायची. लहान बाळालासुद्धा घास आवडला की नावडला ते कळतं. आईला तेवढंही कळत नव्हतं. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. हात आगपेटीच्या काडीसारखे झाले होते.

शेवंतीला वाटायचं, बाबा खाली समुद्रातच कुठंतरी असतील. कुणी बघितलंय का खाली जाऊन? आपण त्यांना शोधलं आणि आईला सांगितलं, तर आई नक्की मागं वळून बघेल.

आणि खाली बघायला एक होडी होतीच की! दाजी तांडेलांची खिडक्यांची होडी. पिवळीधमक, लाल काठाची. आतल्या शिडीनं तिच्या पोटात उतरलं की दोन्ही बाजूंना जाड काचेच्या गोल गोल खिडक्या. वर ऊन, आणि खिडकीबाहेर समुद्राचं पोट! लांबलांबून माणसं यायची आणि त्या होडीतून पोवळ्यांची बाग बघायची. गुलाबी पोवळी, शेंदरी पोवळी, हळदीच्या रंगाची पोवळी. त्यांच्यामधून पळणारे पिटुकले निळे मासे. पण हल्ली होडी रिकामीच जायची. बाग आता पहिल्यासारखी राहिली नाही, असं माणसं म्हणायची.

एके सकाळी शेवंती धक्क्यावर उभी राहिली.

"दाजीकाका, मला न्याल?"

दाजींनी तिच्याकडं बघितलं. तिच्या झग्याची शिवण खांद्यावर उसवली होती. दाजी खाकरले आणि म्हणाले, "बस गो. नाहीतरी त्या अंगाला कोण नाय. होडी कलते माझी. जरा वजन कर तिथं."

शेवंतीचं वजन ते किती! पण ती गंभीरपणे जाऊन त्या अंगाला बसली.

होडीत घाटावरून आलेलं एक कुटुंब होतं. बागेपाशी होडी थांबली आणि सगळ्यांनी खिडक्यांना नाकं लावली.

"अहो, मासे कुठायत?" बाई म्हणाल्या.

"काल ताटात होते ते शेवटचेच असतील," त्यांचे यजमान म्हणाले. सगळे हसले, आणि मग कंटाळून वर वाऱ्याला गेले.

शेवंती एकटी खाली राहिली. बाहेर सगळं राखेसारखं करडं होतं. गुलाबी नाही, शेंदरी नाही. पोवळ्यांवर जाळी पसरली होती, एकावर एक, जाड गोधडीसारखी. जाळ्यांत मेलेले खेकडे होते. इवलासा एक मासा अजून जिवंत होता. तो तोंड उघडत होता, मिटत होता.

खिडकीच्या सगळ्यांत जवळचं जाळं शेवंतीनं ओळखलं. त्याच्या कडेला आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. बाबांचं जाळं! ते विणताना आई एका टोकाला बसायची आणि बाबा दुसऱ्या टोकाला.

बाबा नव्हते. तिनं सगळ्या खिडक्यांतून बघितलं. बाबा कुठंच नव्हते. तिनं काचेवर कपाळ टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली.

"रडू नको गं बाळे," कुणीतरी म्हणालं. शंख कानाला लावला की येतो तसा आवाज होता.

जाळ्याच्या एका चौकोनी घरात काहीतरी लुकलुकलं. तिथं एक परी होती, करंगळीएवढी! तिचे केस शेंदरी होते आणि पंख बांगडा माशाच्या पाठीसारखे निळे-हिरवे. पण एका पंखाभोवती दोरा आवळला होता. तो पंख फाटला होता, आणि परीचा उजेड वात संपत आलेल्या पणतीसारखा थरथरत होता.

"मी पोवळपरी. ही बाग माझी. काचेवर हात ठेव, म्हणजे मला तुझं ऐकू येईल. माझ्याजवळ एकच वर उरलाय. उद्याची भरती लागली की मीही नसेन आणि वरही नसेल. तू माग."

शेवंतीनं घाईघाईनं हात ठेवला. "माझे बाबा परत आण!"

परीनं मान खाली घातली. "दर्यानं नेलेला माणूस परत देता येत नाही, बाळे. तो नियम माझ्याहून मोठा आहे."

मग शेवंतीचं लक्ष पुन्हा त्या फाटक्या पंखाकडं गेलं. तिनं डोळे पुसले. "मग तुझा पंख सुटू दे. आणि तो मासापण."

परी तिच्याकडं बघतच राहिली. "इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं. पण दुसरा नियम असा की जे माणसाच्या हातांनी होतं, ते वरानं होत नाही. ही जाळी हातांनी पडली, ती हातांनीच निघतील. तुझा वर अजून तुझाच आहे."

तेवढ्यात होडी वळली आणि परी दिसेनाशी झाली.

कांडळवाडीत एक रीत होती. दर्यानं कुणाला नेलं की तेराव्या दिवशी त्याचं जाळं पोवळ्यांपाशी नेऊन पाण्यात सोडायचं. दर्याची वस्तू दर्याला. पूर्वी जाळी सुताची असायची. एका पावसाळ्यात कुजून त्यांची माती व्हायची. आता जाळी नायलॉनची झाली होती. ती कुजत नाहीत. रीत मात्र तीच राहिली, आणि खाली काय झालं ते कुणी बघितलं नाही.

शेवंती घरी आली. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. शेवंतीनं तिला सगळं सांगितलं. परी, पंख, मासा, सगळं. आई हलली नाही. काहीच होणार नाही, तिला वाटलं. परी मरेल, बाग मरेल, आणि एक दिवस आईसुद्धा.

"आये," ती शेवटी हळूच म्हणाली, "बाबांचं जाळं गेलं नाय गो. अजून तिथंच अडकून पडलंय. त्यात एक बारकं पोर घुसमटतंय. माशाचं पोर."

आईची बोटं हलली. जाळ्याची गाठ मारताना हलतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली. भिंतीला धरून धरून उठली. तिनं आढ्याला खोचलेली कोयती काढली आणि एक शब्द न बोलता धक्क्याकडं चालू लागली. शेवंती मागून धावली.

आई बाबांचं जाळं काढायला चाललीय, असं तिनं धापा टाकत सांगितलं. दाजी तांडेल कोयती बघून चपापले. "वहिनी, खंय चाललात? जाळं काढूक? दर्याला दिलेलं परत घेऊ नये. कोप होतो."

शेवंती म्हणाली, "दाजीकाका, तुम्ही कधी खिडकीतून बघितलंत?"

"मी?" दाजी ओशाळून हसले. "मी वर सुकाणूवर. सुकाणू सोडून खाली कोण जातो?"

आई मात्र होडीत चढून शिडी उतरून गेलीसुद्धा. काय करणार? दाजींनी होडी सोडली. पोवळ्यांपाशी नांगर टाकला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ते स्वतः खाली उतरले. खिडकीला डोळा लावला.

"ते तिसरं दिसतंय ना," ते म्हणाले, "काळ्या बोयऱ्यांचं, काळे गोळे लटकलेत ते. ते माझ्या भावाचं. मीच सोडलेलं."

मग तिघंही वर आली. दाजींनी सदरा काढला. आईच्या हातून कोयती घेतली, दातांत धरली आणि पाण्यात उडी घेतली. वर येत, श्वास घेत, पुन्हा बुडी मारत. थोड्या वेळानं बाजूच्या होड्यांतले गडीही आले. कुणी विचारलं, "दाजी, कोप झाला तर?" दाजी पाणी थुंकून म्हणाले, "झालाय केव्हाच. खाली जाऊन बघ!"

एकेक जाळं सुटत होतं. आई आणि शेवंती वरून दोर ओढत होत्या. आईचे हात काडीसारखे होते, तरी ती दोर सोडत नव्हती. भरती लागायला आली. शेवटी बाबांचं जाळं वर आलं, जड, शेवाळलेलं. त्याच्या एका घरात तो इवलासा मासा होता. पण आता तो तोंड उघडत नव्हता.

आईनं तो ओंजळीत घेतला. पाण्यात धरला. हलवला. तो तसाच राहिला.

शेवंतीला वाटलं, संपलं. आता परीही गेली असेल. एवढं करून उशीरच झाला.

तेवढ्यात होडीच्या कडेला पाणी उजळलं. आधी गुलाबी, मग शेंदरी, मग हळदीसारखं पिवळं. त्या उजेडातून चिमुकली परी वर आली. फाटका पंख फाटकाच होता, पण मोकळा होता.

"एकाला वाचवता आलं नाही," परी म्हणाली, "पण खाली अजून पुष्कळ श्वास घ्यायला लागलेत. भरती आली, बाळे. लवकर माग. नवा झगा? पक्कं घर? काहीही."

शेवंतीनं आईकडं बघितलं. आई ओंजळीत मासा घेऊन बसली होती. तिचे डोळे चैत्रातल्या विहिरीसारखे कोरडे होते.

"माझ्या आईला रडू येऊ दे," शेवंती म्हणाली.

परीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हाच एक वर असा होता," ती म्हणाली, "जो कुणाच्याच हातांनी झाला नसता."

ती फिरली, गरगर, गरगर. तिच्यातून उजेडाचे कण उडाले, निळे, रुपेरी, मोत्यांच्या चुऱ्यासारखे. ते आईच्या केसांवर पडले, ओंजळीवर पडले. सगळा समुद्र डोळे दिपतील असा लखलखला. आणि मग नुसतंच पाणी राहिलं, आणि ऊन.

आईच्या ओंजळीत एक थेंब पडला. मग दुसरा. मग ती मोठ्यानं, अगदी मोठ्यानं रडली. बाबांचं नाव घेऊन रडली. सहा महिन्यांचं सगळं रडली. गड्यांनी माना फिरवल्या. दाजी ओल्या अंगानं सुकाणूला धरून उभे राहिले आणि त्यांनी होडी अगदी हळू, पाणीसुद्धा हलू नये अशी, किनाऱ्याकडं वळवली.

अर्ध्या वाटेवर आईचं रडणं ओसरलं. तिनं हळूच तो मासा पाण्यात सोडला. पदरानं तोंड पुसलं. मग मान वळवून शेजारी बसलेल्या मुलीकडं बघितलं, उसवलेल्या शिवणीकडं, सुकलेल्या ओठांकडं, आत गेलेल्या पोटाकडं. जणू लांबच्या गावाहून आजच परत आली होती.

"शेवंते," ती म्हणाली, "जेवलीस काय गो?"