गेरूचा हात

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका राज्यात डोंगराच्या खिंडीतून नदीकाठानं वाट जायची. वर पाऊस कोसळला की खिंडीत बघता बघता पाण्याचा लोंढा यायचा. मध्येच वाटेला दोन फाटे फुटत. उजवा टेकडावर चढायचा. डावा कड्याला भिडून संपायचा. फाट्यावरच्या शिळेवर धनगरांनी गेरूनं एक हात रंगवला होता, उजवीकडे बोट दाखवणारा. पाणी गरजलं की वाटसरू तो बघत आणि उजवीकडे पळत सुटत.

एकदा राजाचा लेखनिक तिथून गेला. अक्षर मोत्यासारखं, आणि ताठाही तेवढाच! "शी! राजाच्या वाटेवर असल्या रेघोट्या?" म्हणत त्यानं हात खरवडून काढवला आणि शिळेवर बारा ओळींचा लेख कोरवला. आधी राजाची बिरुदं, मग तिथी, मग वैभवाचं वर्णन. कुठल्या वाटेनं पळायचं, ते अकराव्या ओळीत.

एक म्हातारी धनगरीण म्हणाली, "बाबा, लेख झ्याक हाय. पर हात बी ऱ्हाऊ दे की. पानी काय वाचून हुईस्तवर थांबतंय व्हय?"

"आजी, तुला वाचता येत नाही म्हणून सगळं जग अडाणी नाही," लेखनिक हसला. अहो, हसला!

त्याच श्रावणात त्याचा धाकटा भाऊ परगावाहून शिकून, बऱ्याच वर्षांनी याच खिंडीतून परतणार होता. आईबाप गेल्यावर लेखनिकानंच त्याला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला शिकवली होती. दारात रांगोळी काढली, पुरण शिजलं. भाऊ आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी धनगरीण त्याचं ओलं उपरणं घेऊन आली.

"त्याला तर वाचता येत होतं!" लेखनिक ओरडला.

"वाचतच व्हता, बाबा. म्या टेकडावरनं लई हाका मारल्या. पान्याच्या आवाजात ऐकू कसं जावं? एकेक वळ बोटानं वाचत व्हता. बोट निम्म्यावर आलं, आन् पानी आलं."

लेखनिक मनात ओळी मोजू लागला. लेख त्याला तोंडपाठ होता. सहाव्या ओळीत राजाच्या हत्तींची संख्या होती.

"माझ्या बाळाला मीच मारलं," म्हणून तो ढसाढसा रडला. मग त्यानं शिळा घासून कोरी करवली, गेरू कालवला आणि स्वतःच्या बोटांनी हात रंगवला. पुढं जन्मभर दर वर्षी रंगवत राहिला. त्या हातानं कितीक जीव वाचवले. ज्याच्यासाठी त्याचा जीव तुटत होता, तो मात्र परत आला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: जिथं जिवावर बेतलेलं असतं, तिथं विद्वत्ता मिरवू नये, एका नजरेत कळेल अशी खूण ठेवावी.