दहिखिंडीचा पाठमोरा बिरोबा

चपला तिथेच काढा, आणि देवाचे तोंड शोधत बसू नका. समोर दिसते आहे ती देवाची पाठच आहे. येणारा प्रत्येक जण मला विचारतो, पुजारीबुवा, मूर्ती उलटी कशी बसवली? बसवलेली नाही. ती वळली, असे सांगतात. कशामुळे, तेही ऐकून जा.

राजेरजवाड्यांच्या काळात आमच्या दहिखिंडीत हैबती नावाचे एक पोरके पोर होते. सकाळची भाकरी एका घरी, रात्रीची दुसऱ्या घरी, असे अख्ख्या गावाने त्याला वाढवले. जिभेचे इतके गोड, की म्हैस हरवलेला माणूसही त्याच्याशी बोलून धारेची चरवी शोधायला लागे. मिसरूड फुटायच्या आत त्याने दोन गावांचे पाण्याचे भांडण मिटवले म्हणे. गाव छाती फुगवून सांगायचे, "पोर आपलं हाय." यातला 'आपलं' हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा.

पोर हाताशी आले तशी गावाने त्याच्याकडे पेवे सोपवली. दुष्काळासाठी जमिनीच्या पोटात साठवलेले धान्य, ती पेवे. राखणीला लखू होता. तो घाटाखालून पोटासाठी आलेला, गावात त्याचे कुणी नाही. पुढे पाऊस हुकला, पेवे उघडली, तर तळाशी नुसता भुसा. हैबतीने जोंधळा भरदिवसा व्यापाऱ्यांच्या बैलांवर लादून विकला होता. लखूने ते पाहिले होते, आणि त्याने ते चारचौघांत सांगितले.

हैबती म्हणाला, राखणदारच चोर. मग गाव या देवळात जमले. बेल आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर बोललेले खरे धरायचे, ही आमची रीत. हैबतीने बेलभंडार उचलला. त्याच्यामागे पाटलाने उचलला, आणि मग साऱ्या गावाने. त्यांतल्या निम्म्यांनी ते लादलेले बैल जाताना पाहिले होते. तरी म्हणाले, पोर आपलं हाय. लाज नव्हती एकाला.

लखूला आणि त्याची बायको येसू हिला उपाशीपोटी हाकलले. लखू त्या मागच्या खिंडीत पडला, तो उठलाच नाही. येसू एकटी परत आली, देवापुढे उभी राहिली आणि एवढेच बोलली, "बिरोबा, ह्यास्नी तोंड दावू नगंस."

सकाळी देव पाठमोरा होता. तोंड खिंडीकडे, लखू पडला होता तिकडे.

गावाला अक्कल असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण आमचे पूर्वज म्हणाले, खिंडीपलीकडे राजधानी आहे, देवाने आपल्या पोराला वाट दाखवली. ढोल वाजवत त्याला वेशीपर्यंत पोचवले. ज्याच्यासाठी देव वळला तो हा, अशी कीर्ती पुढे धाडून हैबती दरबारात शिरला, आणि बोलत बोलत राज्याचा प्रधान झाला.

मग मोठा दुष्काळ पडला. राज्याची कोठारे उघडली आणि तिथेही भुसाच निघाला. गावेच्या गावे ओस पडली. राजाने हैबतीची पगडी उतरवली आणि गाढवावर उलटे बसवून त्याला इथे आणले. गडी तरीही ताठ. म्हणाला, माझे गाव माझ्यासाठी बेलभंडार उचलेल.

गाव जमले. घरटी कुणी ना कुणी भुकेने गेलेले. हात कुणाचा उठेना. तेव्हा म्हाताऱ्या येसूने भंडाऱ्याची वाटी पाटलापुढे धरली. "उचला की, पाटील. पोर आपलंच हाय न्हवं?"

पाटलाने मान खाली घातली. हैबतीला गडावर नेले, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच वर्षी देवळाच्या मागच्या भिंतीला झरोका पाडला. यापुढे शपथ घ्यायची ती तिथे, देवाच्या डोळ्यांत बघून, असे ठरले. लोक हैबतीला शिव्या घालतात, घालोत. माझा राग त्याच्यावर नाही. तो एकटा होता, हात साऱ्या गावाने उचलले होते.

आजही देव पाठमोराच आहे. निवडणूक आली की पुढारी इथे, पाठीपुढे, नारळ फोडतात, बेलभंडार उचलतात, आणि गाव टाळ्या पिटते. येताना वेशीवरची नवी कमान पाहिलीत ना? 'आपला माणूस' लिहिले आहे तिच्यावर. झरोका बघायचा असेल तर मागून जा. कोळिष्टके मात्र तुम्हालाच काढावी लागतील, माझ्या हयातीत तिथे कुणी शपथेला गेलेले नाही.