सरवीवरच्या पुलाचा शुभारंभ

भरदुपारी शिरसाच्या ढोलीत अगदी चिडीचूप होतं, आणि तेवढ्यात टक् असा आवाज झाला. चिंचोका पडल्याचा.

एका जंगलात सरवी नावाची नदी होती. नदीकाठी शिरसाचं झाड होतं, झाडाला ढोली होती आणि ढोलीत शेवंता नावाची खार राहत होती. तिने नुकतंच आपल्या पिल्लाला, गोटूला, झोपवलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. गोटू डोळे घट्ट मिटून मागच्या पायाने चिंचोका ढकलत होता.

"झोपलायस ना रे?" शेवंताने विचारलं.

"हो," गोटू म्हणाला.

तिने शेपटी त्याच्यावर पुन्हा नीट पांघरली. "मग झोपलेली बाळं बोलतात का?"

"मी बोलत नाहीये. बाबा कधी येणार तेवढं विचारतोय."

"ऊन त्या वाकड्या पळसाखाली गेलं की येतील. रोज येतात तसे."

गोटूचा बाप केरबा रोज सकाळी नदीपलीकडे उंबरं आणायला जाई. अलीकडच्या काठावरही पूर्वी उंबराची झाडं होती. पण जंगलाला नगराचा दर्जा मिळाला तेव्हा सुशोभीकरणात ती तोडली आणि त्या जागी उंबरांची मोठमोठी चित्रं लावली. चित्रं चांगली होती. त्यांना बारा महिने फळं असत.

पलीकडे जायला एक खोड होतं. कुठल्याशा वादळात एक थोरला अर्जुन उन्मळून या काठावरून त्या काठावर आडवा झाला होता. ते खोड कुणी मंजूर केलं नव्हतं, त्याचं उद्घाटन कुणी केलं नव्हतं, त्यामुळे त्यावरून दुसऱ्याच दिवशी जाता-येता येऊ लागलं. खारी, उंदीर, मुंगसं, सरडे, सगळी बारकी जनता त्यावरूनच जाई. पोहून जायचा विषय कुणी काढत नसे, कारण पाण्यात मगर राहत असे.

पावसाळ्यात मात्र खोड पाण्याखाली जाई. गोटूचा जन्म पावसाळ्यातलाच. त्याचे डोळे उघडले, कान ताठ झाले, शेपटीवर लव आली, तरी बाप पलीकडेच अडकलेला. शेवंता रोज गोटूला तोंडात धरून काठावरच्या फांदीवर जायची आणि त्याला उंच करून दाखवायची. एवढ्या लांबून केरबाला काय दिसणार? त्याला तिची शेपटी तेवढी दिसे. तरी तो पलीकडून ओरडायचा, "दिसला गं, दिसला. नाक तुझ्यावर गेलंय."

म्हणून शेवंताला पूल हवा होता. बाकी तिचं सरकारकडे काही मागणं नव्हतं.

पुलाचं आश्वासन जुनं होतं. आत्ताच्या सिंहाच्या आजोबांनी पुलासाठी पहिली कोनशिला बसवली. त्यांच्या मुलाने, आधीची कोनशिला जुनी दिसते म्हणून, नवी बसवली. मग नातू गादीवर आला. त्याने पहिल्या वर्षी एक बसवली, आणि तिच्यावर नाव बारीक आलं म्हणून पुढच्या वर्षी आणखी एक. आता काठावर कोनशिलांची लांबच लांब रांग झाली होती. शिरसाच्या मुळाशी राहणारी घोरपड आजी म्हणायची, "एवढे दगड नुसते पाण्यात टाकले असते, तरी मेला पूल झाला असता."

जंगलात निवडणुकाही होत. सिंहाच्या विरोधात हरणाने उभं राहायचं, अशी लोकशाहीची प्रथा होती. मतदान गुप्त असे आणि मतमोजणी सिंह स्वतः करी. हरणाला एकही मत पडत नसे, कारण हरीणसुद्धा मत सिंहालाच देई. निकालानंतर हरीण कुठे जाई ते कुणी विचारत नसे. दर निवडणुकीला हरीण नवं असे.

यंदा मात्र खरंच काहीतरी हालचाल दिसत होती. माकडांचं शिष्टमंडळ लांबलांबच्या जंगलांतले पूल पाहून परत आलं होतं, आणि तिथले पूल फार छान असून केळी त्याहून छान आहेत असा अहवाल त्याने दिला होता. झाडाझाडावर फलक लागले होते: 'पूल येतोय, वाट सोडा.' कामाचा ठेका मगररावांना मिळाला होता. नदीतल्या कामाचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.

आणि चार दिवसांपूर्वी पोपट निमंत्रण घेऊन शिरसावर आला होता. हा पोपट सरकारी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करी. साधं पाणी मागितलं तरी तो प्रास्ताविक करी.

"वहिनी," तो म्हणाला, "ज्या कुळाने फार फार पूर्वी कुठल्याशा पुलाला चिमूटभर वाळू दिली, आणि ज्याची पोचपावती आजही तुमच्या पाठीवर पट्ट्यांच्या रूपाने झळकते आहे, त्या कुळाच्या सूनबाईंनी आपल्या पुलाला चिमूटभर वाळू द्यावी, अशी महाराजांची इच्छा आहे. तुम्ही पुलाच्या मानकरी."

"मी?"

"गोटूलाही आणा. लहान मूल व्यासपीठावर छान दिसतं."

तो उडून गेल्यावर घोरपड आजीने खालून मान वर केली. "जा बाई जा. माझ्या डोळ्यांदेखत एवढी भूमिपूजनं झाली. दर वेळी फुटतो तो फक्त नारळ."

"असं नका हो बोलू, आजी. या वेळी मगररावांना कामही दिलंय."

"तेच म्हणतेय मी," आजी म्हणाली, आणि उन्हाला पाठ करून पडली.

आज तो दिवस होता. गोटूने दुसऱ्यांदा चिंचोका ढकलला, आणि तेवढ्यात नदीच्या बाजूने करकर, करकर असा आवाज यायला लागला. बऱ्याच साळिंदरांनी एकदम लाकडाला दात लावल्यासारखा. शेवंताचे कान ताठ झाले. तिने झोपवायचा नाद सोडला आणि गोटूला छातीशी धरून ढोलीच्या तोंडाशी आणलं. नदी समोरच होती, पण आठवड्यापूर्वी काठावर 'काम चालू, तसदीबद्दल क्षमस्व' असा कापडी पडदा लावला होता. त्याच्याखालून ये-जा चाले, तरी पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"ऐक," ती गोटूच्या कानात म्हणाली. "ऐकलंस? पुलाचं काम सुरू झालं. तुझ्या बाबांना आता पावसाळ्यातही घरी येता येईल."

गोटूने ऐकलं. "दात लागतात का पुलाला?"

"सगळ्याला लागतात," ती म्हणाली, आणि खुशीत त्याची पाठ चाटू लागली. मानकऱ्याच्या मुलाचे पट्टे जरा चमकायला हवे होते.

दुपार कलल्यावर दोघं कार्यक्रमाला गेली. पडद्याच्या अलीकडे उंच व्यासपीठ उभारलं होतं आणि त्यावर सिंहमहाराज बसले होते. समोर सगळं जंगल बसलं होतं. टाळ्या कधी वाजवायच्या ते दाखवायला माकडं फांद्यांवर ठिकठिकाणी नेमली होती. पोपटाने शेवंताच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार तिच्याहून जड होता. ती त्यातून कशीबशी डोकं बाहेर काढून उभी राहिली, गोटू तिच्या पोटाशी.

तेव्हा तिच्या पायांना काहीतरी ओळखीचं लागलं.

व्यासपीठाच्या फळ्या गुळगुळीत होत्या, पण मधोमध एक झिजलेली वाट होती, बारक्या नखांनी वर्षानुवर्षं पडते तशी. पुढे एक गाठ होती. ती गाठ शेवंताला पाठ होती. खोडावरून चालायला शिकताना गोटू तिथेच घसरला होता आणि केरबाने त्याला शेपटीला धरून वर ओढलं होतं. तिने वाकून वास घेतला. अर्जुन.

ती हळूच पोपटाकडे सरकली. "भावजी, हे लाकूड कुठलं?"

"स्थानिक आहे, वहिनी. स्थानिक साहित्याला प्राधान्य, असं धोरणच आहे."

"हे आपलं नदीवरचं खोड आहे."

"होतं. एवढं चांगलं लाकूड काठावर दुसरं नव्हतं. आणि पुलाच्या जागी आधीच काहीतरी आडवं पडलेलं असणं चांगलं दिसत नाही. पाहुणे येतात."

"अहो, पण गोटूचे बाबा पलीकडे आहेत. ते कसे येणार?"

"पुलावरून," पोपट म्हणाला.

"पूल कधी होणार?"

पोपटाने आजूबाजूला पाहून आवाज खाली घेतला. "आज शुभारंभ आहे, वहिनी. आजच्या दिवशी शेवटाचं बोलू नये." आणि चोच वर करून तो सभेला म्हणाला, "यानंतर मी महाराजांना नम्र विनंती करतो."

महाराज उठले. नारळ फुटला. माकडांनी खुणा केल्या, टाळ्या झाल्या.

"माझ्या बांधवांनो," सिंह म्हणाला, "लोक विचारायचे, पूल कुठे आहे? आज मी त्यांना विचारतो, खोड कुठे आहे?"

टाळ्या झाल्या.

"आपल्या आधीच्यांनी या जनतेला एका पडक्या खोडावरून चालायला लावलं. माझ्या भगिनी जीव मुठीत धरून जात होत्या. मी ठरवलं, हा अपमान बंद. आजपासून कुणीही पुलाशिवाय नदी ओलांडणार नाही. ओलांडली, तर तो पुलाचा अपमान समजला जाईल."

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतले उंदीर उभे राहून वाजवत होते. त्यांची निम्मी घरं पलीकडे होती.

मग शेवंताला वाळू टाकायला सांगितलं. तिने टाकली. चिमूटभर वाळू व्यासपीठावरच पडली, कारण पूल अजून कुठे नव्हता.

"पाहा," सिंह म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. "या एवढ्याशा जिवाने आपलं सगळं दिलं. मग आपण मागे राहायचं? प्रत्येक घराने आपल्या साठवणीतला अर्धा दाणागोटा पुलासाठी द्यायचा. योजनेला नाव दिलंय, खारीचा वाटा. सक्ती नाही. न देणाऱ्यांची नावं नुसती विचारली जातील. दाणे सुरक्षित राहावेत म्हणून कोठार माझ्या गुहेतच केलेलं आहे."

"महाराज," शेवंता म्हणाली. आवाज हारातून आला, म्हणून बारीक आला. "आमचं माणूस पलीकडे आहे."

सिंहाने तिच्याकडे मायेने पाहिलं. त्याला मायेने पाहता येत असे. "पडदा काढा," तो म्हणाला.

पडदा पडला. नदी दिसली, नुसती. पलीकडच्या काठावर, जिथे खोडाचं टोक टेकत असे तिथे, दोन्ही गालांत उंबरं भरलेली एक बारकीशी खार उभी होती. ती पाण्यापर्यंत यायची, मागे जायची, पुन्हा यायची. मग तिने गर्दी पाहिली आणि शेपटी वर करून जोरजोरात हलवायला सुरुवात केली.

"पाहा," सिंह गहिवरून म्हणाला. "पलीकडची जनताही स्वागताला आली आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. केरबाने आणखी जोरात शेपटी हलवली. त्याला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

"बाबा," गोटू म्हणाला.

"सरकार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही," सिंह म्हणाला. "पूल पूर्ण होईपर्यंत पर्यायी व्यवस्था केलेली आहे. मगरराव स्वतःच्या पाठीवरून जनतेची ने-आण करतील."

मगरराव पाण्यातून अर्धे वर आले आणि त्यांनी नम्रपणे डोळे मिटले. "सेवेची संधी दिल्याबद्दल आभारी आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं जनतेशी माझा संबंध फक्त अधूनमधून यायचा."

"आणि पहिली फेरी," पोपट मान वेळावून म्हणाला, "आपल्या मानकरी शेवंतावहिनींच्या यजमानांसाठी. अगदी मोफत."

शेवंताने पुढे पाऊल टाकलं. हार तिला मागे ओढत होता. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना तरसं उभी होती, आणि तिच्या पोटाशी गोटू होता, त्याची शेपटी अजून नीट भरलीही नव्हती. एका तरसाने गोटूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वहिनी, फोटो घेतायत," ते हळूच म्हणालं. "हसा."

मगरराव सावकाश वळले आणि पलीकडे निघाले. मागे पाण्यावर एक सरळ रेघ उमटत गेली. पोपट त्या रेघेचं वर्णन करत होता: "हीच, रसिकहो, हीच आपल्या पुलाची पहिली रेषा." माकडांनी हात वर केले. उंदीर वाजवत होते, मुंगसं वाजवत होती, पलीकडे ज्यांची घरं होती तेही वाजवत होते. शेवंताला आपलेच पुढचे दोन्ही पाय एकमेकांवर आपटताना दिसले.

केरबाची शेपटी थांबली होती. त्याने गालांतली उंबरं खाली टाकली. तो आता मान हलवत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

गोटूने हाराखालून डोकं बाहेर काढून बराच वेळ पलीकडे पाहिलं, आणि मग वर आईकडे.

"आई, बाबा तर नको नको म्हणतायत," तो म्हणाला. "मग तू टाळ्या का वाजवतेस?"